नायक येण्याआधी

व्हेनिसमधली मध्यरात्र. रस्त्यात दोन माणसे तिसऱ्याबद्दल बोलत उभी आहेत. एकाची बढती हुकली आहे, दुसऱ्याच्या हातून मुलगी गेली आहे. ज्याच्यामुळे हे झाले त्याला ते मनसोक्त शिव्या घालतात, पण त्याचे नाव घेत नाहीत. तो नुसता 'मूर' आहे. त्याच्या ओठांवरून, कातडीच्या रंगावरून टोमणे आहेत, जनावरांच्या ओंगळ उपमा आहेत. मग ते दोघे एका म्हाताऱ्या सरदाराच्या खिडकीखाली बोंब ठोकून त्याला झोपेतून उठवतात आणि तुझी मुलगी पळाली म्हणून सांगतात. प्रवेश संपतो. दुसऱ्या प्रवेशात तो 'मूर' स्वतः समोर येतो, बोलतो, निघून जातो, तरी 'ऑथेल्लो' हे नाव रंगमंचावर उच्चारले गेलेले नसते. ते पहिल्यांदा ऐकू येते तिसऱ्या प्रवेशात, व्हेनिसच्या ड्यूकच्या तोंडून. तेव्हा तुर्कांचे आरमार सायप्रसवर चालून येत असते आणि राज्याला सेनापतीची गरज पडलेली असते. गरज पडली की नाव आठवते, एवढे या शहराबद्दल आपल्याला पहिल्या तीन प्रवेशांतच कळते.

शेक्सपिअरने ही गोष्ट चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहातून उचलली. मूळ कथेत मूरला नावच नाही. ठसठशीत नाव आहे ते नायिकेला. शेक्सपिअरने नायकाला नाव दिले आणि मग ते इतका वेळ दाबून ठेवले. १६२३ च्या फोलिओत या नाटकाच्या शेवटी पात्रांची यादी छापली आहे, तीत इयागोच्या नावापुढे सरळ 'खलनायक' असा शेरा आहे. वाचकाला निदान ही यादी मिळते. प्रेक्षकाला मात्र नायकाची पहिली हकीकत त्या खलनायकाकडूनच ऐकून घ्यावी लागते, आणि तोपर्यंत त्याच्यावर अविश्वास ठेवावा असे कारण हातात नसते. कारण आहे, पण ते इयागोने स्वतःच दिलेले आहे: मी दिसतो तसा नाही, हे तो सोबतच्या रॉडरिगोला पहिल्याच प्रवेशात सांगून टाकतो. रॉडरिगो ते ऐकतो आणि पैसे देत राहतो.

शोकांतिकेचा नायक नाटककार कसा उभा करतो, हा प्रश्न आपल्या वर्गांमधून दीर्घकाळ 'स्वभावचित्रण' या मथळ्याखाली घातला गेला. उत्तर ठरलेले असते: शूर, उदार, भोळा, संशयी, प्रत्येक विशेषणाला एक प्रसंग जोडायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. ही यादी चुकीची नसते, पण ती शेवटच्या अंकावरून मागे वळून केलेली असते. प्रेक्षकाकडे शेवटचा अंक नसतो. त्याच्याकडे असतात पहिली पंधरा-वीस मिनिटे, आणि त्या मिनिटांत कुणीतरी, कुठल्यातरी हेतूने, त्याला काहीतरी सांगत असते. म्हणून नायकाच्या ओळखीचा विचार करताना मी पहिला प्रश्न घेतो तो असा: सांगणारा कोण आणि त्याचा स्वार्थ काय? दुसरा त्याला लागूनच येतो. पहिल्या भेटीत जो गुण पाहून आपण नायकावर भाळतो, पुढे त्याच गुणाने त्याचा घात होतो का? माझ्या वाचनात मोठ्या शोकांतिकांचे उत्तर बहुतेक वेळा 'होय' असे येते. नायकाचा दोष नाटककार मागाहून चिकटवत नाही, आपण ज्याला टाळी दिली त्याच्याच पोटात तो ठेवलेला असतो.

ॲरिस्टॉटलकडे या बाबतीत थेट उत्तर मागायला गेले तर निराशा होते. विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेल्या त्याच्या काव्यशास्त्रात कथानकाला पहिला मान आहे, स्वभावाला दुसरा. नायक अगदी सज्जन नको, अगदी दुर्जनही नको. आपल्यासारखा, किंचित वरचा, आणि एखाद्या प्रमादामुळे सुखातून दुःखात कोसळणारा हवा, एवढे तो सांगतो. हा 'प्रमाद' म्हणजे स्वभावातला डाग की माहिती नसल्याने झालेली चूक, यावर विद्वानांची शतके गेली. पण नायकाला रंगमंचावर आणायचे कसे, याबद्दल तो फारसे बोलत नाही. कदाचित त्याच्या प्रेक्षकाला ओळख करून देण्याची गरजच नव्हती. अथेन्सचा माणूस नाट्यगृहात शिरायचा तेव्हा ईडिपसने बापाला मारले आणि आईशी लग्न केले हे त्याला ठाऊक असायचे.

म्हणूनच सोफोक्लीजला एक धाडस करता आले. त्याचा ईडिपस कुणाची वाट पाहत नाही. नाटक सुरू होते तेव्हा थीब्झमध्ये साथ पसरली आहे, राजवाड्यापुढे लोक फांद्या घेऊन गाऱ्हाणे मांडायला बसले आहेत, आणि राजा स्वतः बाहेर येऊन त्यांना लेकरे म्हणतो. मी, सगळ्यांना ठाऊक असलेला ईडिपस, दूत न पाठवता जातीने आलो आहे, असे तो सांगतो. त्याचा मेहुणा क्रेऑन दैवी कौल घेऊन येतो आणि विचारतो, आत जाऊन बोलू का? राजा म्हणतो, इथेच, सगळ्यांसमोर बोल. मग तो खुन्याला जाहीर शाप देतो. आदर्श राजाला शोभेल अशीच प्रत्येक कृती आहे: तत्परता, उघड कारभार, छडा लावण्याची जिद्द. यांतली एकही गोष्ट नसती तर तो वाचला असता. पुढे राणी जोकास्टा, म्हातारा धनगर, सगळे त्याला थांब म्हणतात, आणि तो थांबत नाही, कारण पहिल्या प्रवेशात आपण पाहिलेला माणूस थांबणारा नव्हताच. इथे सांगणारा दुसरा कुणी नाही. नायक स्वतःची ओळख स्वतः करून देतो आणि ती शब्दशः खरी असते, फक्त त्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त खरी.

ग्रीकांकडे दुसऱ्या तऱ्हाही होत्या. एस्किलसच्या 'अगामेम्नॉन'मध्ये (इ.स.पू. ४५८) ज्याचे नाव नाटकाला आहे तो राजा सुमारे १६७० ओळींच्या नाटकात जवळजवळ ८०० ओळी उलटून गेल्यावर येतो. तोवर छपरावरचा पहारेकरी, म्हातारे नागरिक, दूत आणि मुख्य म्हणजे त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याच्याबद्दल बोलून घेतात, आणि म्हातारे नागरिक त्याने मुलीचा बळी दिल्याचे विसरू देत नाहीत. राजा आल्यावर बोलतो थोडे आणि मरायला आत जातो. युरिपिडीजची मिडिया (इ.स.पू. ४३१) आधी दिसत नाही, नुसती ऐकू येते. बाहेर दाई काळजी करते आहे, आतून आक्रोश आणि शाप येताहेत. मग ती बाहेर येते ती शांत, मोजून-मापून बोलणारी, कॉरिंथच्या बायकांना आपल्या बाजूला वळवणारी. आतला आवाज आणि बाहेरचे बोलणे यांतली तफावत प्रेक्षकाने पाच मिनिटांत पाहिलेली असते, तिथल्या राजाला, बिचाऱ्या क्रेऑनला (हा थीब्झचा नव्हे), मात्र ती दिसत नाही आणि तो तिला एक दिवसाची सवलत देऊन बसतो.

आधीपासून ठाऊक असलेल्या शेवटाचा हा फायदा मराठी नाटककारालाही मिळालेला आहे. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये (१९६२) संभाजी पहिल्यांदा समोर येतो तेव्हा १६८९ साली औरंगजेबाच्या कैदेत त्याचे काय झाले हे न सांगता ठाऊक असलेला प्रेक्षक समोर बसलेला असतो. बापाशी होणारी त्याची प्रत्येक चकमक त्या ज्ञानाच्या सावलीत घडते. नाटककाराने एक शब्दही खर्च न करता अर्धे काम झालेले असते. तोटा एवढाच की अशा नायकाबद्दल प्रेक्षकाचे मत आधीच पक्के असते, आणि ते हलवायला नाटककाराला दुप्पट जोर लावावा लागतो.

संस्कृत रंगभूमीवर शोकांतिका नव्हती असे आपण सरसकट म्हणतो, तरी नायकाच्या प्रवेशाबाबत तिचा रिवाज काटेकोर होता: ज्याची सूचना आधी झाली नाही त्याने रंगमंचावर येऊ नये. भासाच्या 'ऊरुभंगा'त हा रिवाज काय करू शकतो ते पाहावे. त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांना १९०९ च्या सुमारास केरळात हस्तलिखिते सापडली आणि १९१२ पासून ती छापली गेली, तोवर हे नाटक विद्वानांनाही अपरिचित होते. त्यात तीन सैनिक येतात, रणभूमीचे वर्णन करतात आणि मग भीम-दुर्योधनाचे गदायुद्ध आपल्या डोळ्यांसमोर शब्दांनी घडवतात. दुर्योधनाच्या मांड्या फुटतात त्यासुद्धा त्यांच्या बोलण्यातच. आणि एवढे सगळे झाल्यावर, बलराम संतापून पुढे आल्यावर, स्वतः दुर्योधन येतो तो जमिनीवरून सरपटत. महाभारतातला माजोरी युवराज आपल्याला दिसतच नाही. ज्याच्याबद्दल जन्मभर एकच ऐकले त्याला आपण पहिल्यांदा पाहतो तो हरलेला, सूडाला निघालेल्या बलरामाला आवरणारा, मांडीवर बसू पाहणाऱ्या लहानग्या मुलाला तिथे बसू न देऊ शकणारा बाप. नायकाचा प्रवेश पतनानंतर ठेवण्याइतकी हिंमत मला शेक्सपिअरमध्येही क्वचित दिसते.

शेक्सपिअरच्या तऱ्हा मात्र संख्येने सगळ्यांत जास्त, आणि त्याने एकच युक्ती सहसा दोनदा जशीच्या तशी वापरली नाही. मॅक्बेथची ओळख एक रक्तबंबाळ सैनिक करून देतो. या शूर सरदाराने बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला आणि त्याचे डोके तटावर लावले, असे तो राजाला सांगतो, आणि दयाळू, वृद्ध डंकन ते ऐकून धन्य होतो. सुरीचे कौशल्य पाहून राजा खूश आहे. ती सुरी पुढे कुणावर चालणार हे त्याला ठाऊक नाही. लगेच तो एका गद्दाराची पदवी काढून मॅक्बेथला देतो. पदवीबरोबर गद्दारीही हस्तांतरित झाली, हे सांगायला शेक्सपिअरला वेगळे वाक्य लागत नाही. इथे सांगणाऱ्याचा स्वार्थ नाही, तरी त्याचे कौतुक ऐकून अंगावर काटा येतो, कारण ज्या समाजात कौतुक असे होते त्याची चवही त्याच बोलण्यात मिळते.

हॅम्लेटच्या बाबतीत बरोबर उलटे. तो भर दरबारात सगळ्यांसमोर आहे आणि बोलत नाही. १६०४-०५ च्या छापील प्रतीत या प्रवेशाच्या सूचनेत त्याचे नाव शेवटी, पोलोनिअस आणि लेअर्टीझच्याही मागे येते. १६२३ च्या फोलिओत ते राणीच्या पाठोपाठ आहे. आधीच्या प्रतीवरून प्रयोग बसवला तर सगळे रंगीबेरंगी कपड्यांत आणि मागे, एका कडेला, काळ्या पोशाखातला एक तरुण, असे चित्र मिळते. राजा राज्यकारभाराची कामे निपटतो, वकील रवाना करतो, लेअर्टीझला परदेशी जायला परवानगी देतो, आणि साठेक ओळींनंतर कुठे पुतण्याकडे वळतो. पुतण्याचे पहिले बोलणे स्वगत आहे, त्यात कोटी आहे, आणि ती राजाला ऐकू जाण्यासाठी नाही. म्हणजे या माणसाच्या आयुष्यातला पहिला भागीदार प्रेक्षक आहे. पुढे चार तास तो आपल्याशीच बोलत राहणार आणि ज्यांच्याशी बोलायला हवे त्यांच्याशी नाही, याचा नमुना एका ओळीत मिळाला.

लिअरबद्दल एक जुनी तक्रार आहे की पहिला प्रवेश परीकथेसारखा आहे. तीन मुलींना 'कोण माझ्यावर जास्त प्रेम करते' असे विचारून राज्य वाटणारा राजा कुणाला खरा वाटेल? मला ही तक्रार कधी पटली नाही. त्या प्रवेशाची सुरुवात आणि शेवट दरबारी आणि व्यावहारिक आहेत. सुरुवातीला केंट आणि ग्लॉस्टर वाटणी आधीच ठरल्यासारखे बोलतात, म्हणजे ही परीक्षा नुसता देखावा होता. आणि शेवटी दोघी थोरल्या बहिणी एकट्या उरल्यावर बापाबद्दल जे बोलतात ते थंड आणि अचूक आहे. याला आयुष्यभर स्वतःची नीट ओळख नव्हती, हे निदान रीगन करते, तीच पुढे त्याला वादळात बाहेर ठेवणारी. दुष्टाच्या तोंडी खरे निदान ठेवणे ही शेक्सपिअरची आवडती खोड.

या सगळ्या तऱ्हांत मी पुन्हा व्हेनिसच्या तिसऱ्या प्रवेशाकडे वळतो, कारण तिथे एक बारकावा आहे जो वाचक भराभर उलटतो. ऑथेल्लो सभागृहात येण्याआधी सिनेटर टपाल वाचत बसले आहेत. एका पत्रात तुर्कांची गलबते १०७, दुसऱ्यात १४०, तिसऱ्यात २००. त्यांच्यातला एक म्हणतो, आकडे जुळत नाहीत तरी मुख्य बातमी एकच आहे. तेवढ्यात खलाशी येतो: आरमार ऱ्होड्सकडे वळले. एक सिनेटर लगेच म्हणतो, हे शक्य नाही, ही हुलकावणी आहे, आपली नजर दुसरीकडे लावण्यासाठी केलेले सोंग. आणि तसेच निघते. पुरावे तपासायचे कसे, दिखाऊ बातमी ओळखायची कशी, याचा हा छोटा वस्तुपाठ आहे, आणि तो संपतासंपता नायक आत येतो. त्याच्यावर आरोप होतो: याने जादूटोण्याने मुलगी नादी लावली. तो न डगमगता म्हणतो, तिला बोलवा, तिलाच विचारा. ती माझ्याविरुद्ध बोलली तर मला पदावरून काढा, जीवही घ्या. डेस्डिमोना येते, साक्ष देते, न्याय होतो.

चार अंकांनंतर पलंगावर तीच डेस्डिमोना जवळजवळ हीच मागणी करते: ज्याच्यावरून माझ्यावर संशय घेता त्या माणसाला बोलवा, त्याला विचारा. या वेळी न्यायासनावर ऑथेल्लो बसलेला आहे आणि साक्षीदाराला बोलावणे त्याला आता शक्य नाही, कारण त्या साक्षीदाराला मारण्याची व्यवस्था इयागोने केली आहे असा ऑथेल्लोचा समज आहे. पहिल्या अंकात त्याची ओळख करून देताना शेक्सपिअरने आपल्याला शौर्य, राजघराण्यातला जन्म, तलवारी म्यान करायला लावणारा संथ अधिकार हे सगळे दाखवले, पण शेवटाला उपयोगी पडते ती ही न्यायाची पद्धत. आपण त्याला योग्य रीतीने वागताना पाहिले आहे, म्हणून त्याचे बिघडणे आपल्याला मोजता येते. इयागोची पहिली हकीकत दुसऱ्या प्रवेशात खोटी ठरते, असे बहुतेक टीकाकार म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण शेक्सपिअर तिथे थांबत नाही. तो इयागोला पाचव्या अंकापर्यंत वेळ देतो, आणि तोवर ऑथेल्लोच्या तोंडून जनावरांच्या त्याच उपमा निघायला लागलेल्या असतात. खोटी ओळख खरी करून दाखवणे, हेच इयागोचे नाटकभर चाललेले काम आहे.

टीकाकारांचे यावरचे भांडण जुने आहे. १६९३ मध्ये टॉमस रायमरने या नाटकाची रेवडी उडवली. मूर असून सेनापती? आमच्याकडे फार तर तुतारी वाजवायला ठेवला असता, असा त्याचा सूर. म्हणजे पहिल्या प्रवेशातल्या इयागोचे आणि या टीकाकाराचे मत जुळले, एवढेच त्यातून सिद्ध होते. १९०४ मध्ये ए. सी. ब्रॅडलीने ऑथेल्लोला सगळ्यांत उदात्त आणि काव्यमय नायक ठरवले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्राध्यापकांनी ते मान्य केले. आपल्याकडच्या स्वभावचित्रणाच्या प्रश्नाचे मूळही बरेचसे तिथेच. मग उलटी लाट आली. एलियटने १९२७ मध्ये म्हटले की शेवटच्या भाषणात हा माणूस स्वतःलाच धीर देत आहे. लीव्हिसने १९३७ मध्ये त्याहून पुढे जाऊन सांगितले की इयागोला फार कष्ट पडलेच नाहीत; ऑथेल्लो स्वतःच्या भव्य प्रतिमेच्या प्रेमात होता आणि संशय आधीच त्याच्यात तयार होता. मधल्या काळात, १९३३ मध्ये, दोन वेगळे आवाज उठले. एल. सी. नाइट्सने लेडी मॅक्बेथला मुले किती, असल्या प्रश्नांची चेष्टा करून सांगितले की नाटक म्हणजे कविता आहे, पात्रांची चरित्रे नव्हेत. आणि स्टोल म्हणाला की हे सगळे रंगभूमीचे संकेत आहेत. चुगलखोराच्या बोलण्यावर विश्वास ठेवला जातो, कारण ठेवला नाही तर नाटकच होत नाही.

लीव्हिसच्या मताला पहिल्या अंकात आधार आहे, हे मान्य करायला हवे. आपल्याला साधे बोलता येत नाही असे म्हणून ऑथेल्लो सिनेटपुढे जे भाषण करतो ते सबंध नाटकातल्या सर्वांत घोटीव भाषणांपैकी आहे: गुहा, वाळवंटे, नरभक्षक, गुलामगिरी, सुटका. आपली गोष्ट सांगण्यात त्याला रस आहे आणि डेस्डिमोना त्या गोष्टीवरच भाळली. पण लीव्हिस एक गोष्ट विसरतो. या माणसाला व्हेनिसमध्ये जागा मिळाली आहे ती गोष्टींवरच; डेस्डिमोनाच्या बापाने, ब्रबान्शिओने, त्याला घरी बोलावले ते गोष्टी ऐकायला. परक्या शहरात ज्याला रोज आपली ओळख नव्याने करून द्यावी लागते, त्याने ती सफाईने केली तर त्याला आत्मप्रेम म्हणणे थोडे सोयीचे आहे. स्टोलचे म्हणणे तर सिनेटच्या टपालाच्या प्रसंगाने खोडूनच निघते: हुलकावणी ओळखणारी माणसे त्याच नाटकात, त्याच अंकात आहेत. विश्वास ठेवणे हा संकेत असता तर सिनेटरनेही ऱ्होड्सवर विश्वास ठेवला असता.

हा वाद ग्रंथांपेक्षा नटांनी जास्त ठोसपणे मांडला. १९४३ मध्ये पॉल रोब्सन ब्रॉडवेवर उभा राहिला आणि नाटकाचे २९६ प्रयोग झाले. त्याचा ऑथेल्लो येताच इयागोची हकीकत कोलमडत असे, असे वर्णन सगळीकडे आढळते, आणि ज्या देशात तो खेळत होता तो पाहता ते स्वाभाविक आहे. १९६४ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ऑलिव्हिए काळा रंग फासून हातात लाल गुलाब घेऊन, तो हुंगत प्रवेश करत असे. ती एन्ट्री लीव्हिसची होती: स्वतःवर खूश असलेला माणूस. आज तो रंग आपल्याला बघवत नाही, पण एका फुलाने एक सबंध टीकापंथ रंगमंचावर आणता येतो हे त्याने दाखवले. विशाल भारद्वाजच्या 'ओंकारा'त (२००६) इयागोच्या जागचा लंगडा त्यागी नवरदेवाला आधी गाठतो आणि तुझी नवरी पळाली म्हणून सांगतो. नायक येण्याआधी त्याची बदनामी, हा क्रम त्यांनी राखला. पण 'मकबूल'मध्ये (२००३) त्यांनी रक्तबंबाळ सैनिक टाकून दिला आणि दोन पोलिसांना गाडीच्या काचेवर मुंबईची कुंडली मांडायला लावली. तिथे नायकाआधी शहराची ओळख होते.

मराठीत शेक्सपिअर फार लवकर आला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो'चे भाषांतर १८६७ चे, आगरकरांचे हॅम्लेटवरचे 'विकारविलसित' १८८३ चे, देवलांचा 'झुंजारराव' १८९० चा. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटची भूमिका गाजवली ती आगरकरांच्या संहितेवर. पण मूळचा मराठी शोकनायक म्हणून पहिल्यांदा मनात भरला तो गडकऱ्यांचा सुधाकर. 'एकच प्याला' १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर रंगभूमीवर आले. सुधाकर हुशार वकील आहे, गरिबीतून वर आलेला, कमालीचा मानी. या मानीपणाचे कौतुक आपण आधी करतो, आणि न्यायालयात झालेला अपमान पचवता न आल्याने पहिला पेला उचलायला लावतो तोही हाच मानीपणा. पेला पुढे करणारा तळीराम निमित्त. नाटकाला दारूबंदीचा प्रचार समजणाऱ्यांनी ही पहिली ओळख नीट पाहिलेली नसते. त्या जागी मानी माणसाऐवजी लुब्रा माणूस ठेवा. तळीराम त्यालाही पाजेल, शोकांतिका मात्र होणार नाही.

आधुनिक नाटकात राजे गेले आणि त्याबरोबर सुचवणाऱ्यांची फौजही गेली. इब्सेनच्या हेड्डा गाब्लरची (१८९०) ओळख नवऱ्याची आत्या आणि मोलकरीण हलक्या आवाजात करून देतात: घोड्यावर बसून जाणारी सेनापतीची मुलगी, तिच्या अपेक्षा, तिच्या सवयी. मग हेड्डा येते आणि पहिल्या काही मिनिटांत आत्याची नवी टोपी मोलकरणीची समजून तिला हिणवते. चूक की मुद्दाम? पुढे ती जज ब्रॅकला सांगते की मुद्दाम. आर्थर मिलरचा विली लोमन (१९४९) येतो तो बासरीच्या सुरात, हातात नमुन्यांच्या दोन जड पेट्या घेऊन. पेट्या खाली ठेवतो आणि दुखणारे तळवे चोळतो. तो काय विकतो हे मिलर नाटकभर सांगत नाही. 'मी परत आलो' एवढेच तो बायकोला सांगतो, म्हणजे नायकाचा प्रवेश हाच माघार आहे. सामान्य माणसाची शोकांतिका होऊ शकते, असे मिलरने त्याच वर्षी लेख लिहून सांगितले, पण त्या पेट्या लेखापेक्षा जास्त पटवून देतात.

आपल्या बाजूला गिरीश कार्नाडांचा 'तुघलक' (१९६४). मूळ कन्नड, विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलेला. १३२७ सालची दिल्ली, न्यायालयाबाहेर गर्दी. म्हातारा कुरकुरतो, तरुण सुलतानाची बाजू घेतो, आणि नुकताच एका गरीब ब्राह्मणाने खुद्द सुलतानावर दावा जिंकला आहे. मग सुलतान येतो, न्यायाचे भाषण करतो आणि त्याच दमात राजधानी दौलताबादला हलवण्याची घोषणा करतो. सगळे झाल्यावर कळते की तो ब्राह्मण ब्राह्मणच नव्हता, अझीझ नावाचा ठग होता. म्हणजे सुलतानाच्या न्यायप्रियतेची पहिली साक्ष एका तोतयाने दिली. ईडिपसच्या उघड कारभाराचा हा दूरचा, विषारी नातेवाईक आहे.

आणि 'नटसम्राट'. शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ' ('राजमुकुट') आणि 'ऑथेल्लो' आधी मराठीत केले होते, त्यामुळे लिअरची चौकट घेताना ती कुठे मोडायची याचा अंदाज त्यांना होता. २३ डिसेंबर १९७० ला गोवा हिंदु असोसिएशनने पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकर झाले डॉ. श्रीराम लागू. लिअरमध्ये दोन सरदारांची कुजबुज आहे, इथे तीही नाही. पडदा उघडतो तो सत्कार समारंभावर आणि अप्पा थेट प्रेक्षागृहाशी बोलतात. तिकीट काढून आलेला माणूस आपोआप त्या सत्काराचा निमंत्रित होतो. तो आधीच टाळ्या वाजवत असे, कारण समोर लागू असत. नटाच्या एन्ट्रीची टाळी आणि पात्राच्या सत्काराची टाळी एकच होऊन जाते. मराठी रंगभूमीची ही एन्ट्रीच्या टाळीची सवय अनेक नाटकांत नायकाची ओळख पुसून टाकते. शिरवाडकरांनी ती संहितेतच जिरवून घेतली, आणि ही त्यांची सर्वांत हुशार चाल आहे.

तिची किंमतही त्यांनी मोजली. अप्पांबद्दल कुणाचे प्रतिकूल मत आपण अप्पांना भेटण्याआधी ऐकत नाही. लिअरच्या मुली गॉनरिल आणि रीगन पहिल्या प्रवेशाच्या शेवटी बापाचे जे परखड मोजमाप करतात, तसे मुलगा नंदा, सून शारदा किंवा लेक नलू यांना वेळेवर करू दिलेले नाही. या माणसाबरोबर एका छपराखाली राहणे काय असते, हे सून बोलते तोवर आपण केव्हाच अप्पांच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो, आणि लेकीच्या घरात चोरीचा आळ आल्यावर तर परतीची वाट उरत नाही. त्यामुळे नाटक करुणेकडे झुकते, आणि प्रेक्षक रडत बाहेर पडतो तेव्हा त्याला मुलांचा राग आलेला असतो, मालमत्ता मुलांत वाटून टाकण्याच्या अप्पांच्या निर्णयाचा नाही. शिरवाडकरांनी तो निर्णय चुकीचा म्हणून मांडलाच आहे. भावनेच्या भरात, टाळ्यांच्या नशेत घेतलेला निर्णय म्हणून तो पहिल्या अंकात स्पष्ट दिसतो. पण त्या टाळ्यांत आपलीही टाळी असल्याने आपण तो तपासायला तयार नसतो. एखाद्या दिग्दर्शकाने पहिल्या अंकात, वाटणी चालू असताना, शारदेला नुसते समोर उभे ठेवून तिच्या चेहऱ्यावर थोडा प्रकाश टाकला, तर एक शब्दही न बदलता हे नाटक लिअरच्या बरेच जवळ जाईल.